जुनापाणीचे दगड

केळव्याहून शिरगावमार्गे तारापूरला जाताना समुद्रकाठी जुने किल्ले लागतात. तारापूरचा किल्ला कुणाचा, असे विचारले तर शाळेतला मुलगाही सांगेल : पोर्तुगीजांचा, 1739 साली चिमाजी आप्पांनी तो घेतला. उद्या त्याचा बुरूज ढासळला, तरी कागद शिल्लक राहतील.

पण ज्यांनी कागद लिहिलाच नाही, त्यांचे काय?

भूमध्य समुद्रात सार्डिनिया हे इटलीचे बेट आहे. तिथे सात हजारांवर दगडी मनोरे आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी चुन्यावाचून, नुसता दगडावर दगड रचून उभे केलेले. त्यांहून जुनी, कातळात खोदलेली थडगी आहेत; लोक त्यांना पऱ्यांची घरे म्हणतात. हसू नका. आपल्याकडे जुने लेणे दिसले, की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेले असतेच!

असे अनाम लोक आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेले. नागपूरजवळ काटोलच्या वाटेवर जुनापाणी आहे. तिथे मोठाले काळे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. लांबून वाटावे, कुणी खळेच केले आहे. ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची थडगी. पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी 1961-62 साली तिथे उत्खनन केले. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी मडकी निघाली. माहुरझरीला तर घोडाच पुरलेला सापडला, तोंडावर तांब्याचा साज चढवलेला. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. म्हणजे ही माणसे रानटी नव्हती.

लेख मात्र एकही नाही. दगड कुठे, मडके कुठे, घोडा कुठे, ही मांडणी हीच त्यांची पोथी.

त्या भागात मी गेलो होतो, तेव्हा एका वर्तुळाचे निम्मे दगड शेताच्या धुऱ्यावर रचलेले पाहिले. मी हळहळलो. शेतकरी म्हणाला, "गोटे कुठं गेले जी? हे काय, धुऱ्यावरच हायेत."

खोटे नव्हते त्याचे. दगड सगळे होते. वर्तुळ तेवढे नव्हते. त्यालाही दोष कसा द्यावा? पेरणीच्या आड येणारा दगड कोण ठेवील? आणि त्याला कुणी सांगितले होते?

गुरुजी, तुमच्या वेशीवर असा अनाम दगड असेल, तर मुलांना घेऊन एकदा जा. पावलांनी अंतर मोजा, तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहा, वहीत नकाशा काढा. वर तारीख घाला. दगड हलवू नका.