बरोबर उत्तर आणि कळलेलं उत्तर



1989 साली नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या पुस्तकांत वाचता वाचता मध्येच स्वयं-अध्ययन प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी दिलेली असतात. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्यानं स्वतःला तपासत पुढे जावं, हा त्यामागचा विचार.

आता अभ्यास मोबाइलवर आला. व्हिडिओ संपला की चाचणी, बटण दाबलं की गुण. सोय मोठीच आहे. पण दहापैकी सात मिळाले, तर त्या सातांतली किती उत्तरं अंदाजानं दिली होती, हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असतं.

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात दिवसभर काम करून रात्री वाणिज्य शिकणारी एखादी मुलगी घ्या. विषय बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपलं रोख पुस्तक आणि बँकेचं पासबुक यांतल्या शिलकींचा मेळ. चेक दिला, पण अजून वटला नाही. रोख पुस्तकाच्या शिलकीत रक्कम मिळवायची की वजा करायची? ती 'मिळवा' निवडते. बरोबर! पण 'का?' असं स्वतःला विचारल्यावर ती अडते. मग विचार करते: चेक देतानाच आपण रक्कम वजा केली, बँकेनं अजून केलेली नाही, म्हणून पासबुकात शिल्लक जास्त. विषय खरा कळला तो इथे.

यासाठी एवढंच करावं. उत्तर पाहण्याआधी आपली खात्री किती, ते लिहावं. पाहिल्यावर आपण तसं उत्तर का दिलं, ते एका वाक्यात लिहावं. 'समजलं' एवढ्यावर भागवू नये.

शिक्षकांनाही विनंती आहे. या नोंदींना गुण देऊ नका. गुण आले की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितील. पण नोंदी वाचा जरूर, आणि पुढचं ऑनलाइन सत्र त्यांतल्या अडचणींपासून सुरू करा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शालेय प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांत तर ती हवीच. प्रत्येक चाचणीखाली दोन ओळींची मोकळी जागा ठेवा. परीक्षेआधी हाताशी थोडेच दिवस असतात. कोणता घटक पुन्हा उघडायचा, हे त्या ओळींवरून लगेच कळेल.