संगणकाची खोली आणि आपली मुलं

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी मी खुर्च्या मांडतो, खीर वाटायला उभा राहतो. यंदा कार्यकारिणीने मला माईकसमोर उभं केलं आणि विषय दिला, 'माध्यमिक शाळेतील संगणक शिक्षण'. मी म्हटलं, अहो, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. १९८२ च्या संपात वडील घरी बसले आणि माझं दप्तर खुंटीला लागलं. त्यानंतर जे काही वाचलं ते रात्री, पाळीवरून आल्यावर. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. कॉम्प्युटरवाले बोलतात ते आम्हाला कळत नाही." तेव्हा मी मला कळलं तेवढंच बोलणार आहे.

सुरुवात गिरणीपासून करतो, कारण संगणकाचं मूळ आमच्या साच्यात आहे. हसू नका, खरं सांगतो. जुन्या लोकांनी डॉबीचा साचा पाहिला असेल. त्याला लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते. पट्टीला भोकं असतात. भोकात खुंटी मारली की त्या नंबरची चौकट वर उचलली जाते, तेवढे ताण्याचे धागे वर जातात आणि मधून धोटा पळतो. खुंटी नसेल तर चौकट जागच्या जागी. खुंटी आहे, खुंटी नाही, एवढ्या दोन गोष्टींवर लुगड्याचा काठ उठतो. जेकार्डला खुंट्यांऐवजी पुठ्ठ्याची कार्डं असतात, भोक असेल तिथे धागा वर जातो. फ्रान्समधल्या लियों गावी जेकार्ड नावाच्या माणसाने हे १८०४ च्या सुमारास बसवलं. पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या हिशोबाच्या यंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डं घेतली आणि १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी तशाच कार्डांवर झाली. आजच्या संगणकाच्या पोटातही एक आणि शून्य, म्हणजे खुंटी आहे आणि खुंटी नाही, एवढंच आहे. काठ बदलायचा तर साचा बदलावा लागत नाही, खुंट्या बदलायच्या. त्यालाच आजची मुलं प्रोग्रॅम म्हणतात.

आता यातली आपली गोष्ट. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात होते. साचा खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या लोकांना घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागायचं, आणि आपल्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आजोबांनी साच्याला हात लावला नाही. मी १९८९ साली बदली म्हणून लागलो आणि तीस वर्षं साचा चालवला. पण बंधूंनो, खुंट्या मी मारल्या नाहीत. डिझाईन वरून ठरून यायचं, पट्ट्या भरून यायच्या. धागा तुटला की जोडायचा आणि साचा चालू ठेवायचा, एवढंच माझं काम.

आज आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे. अंगठा असा फिरतो की धोटा मागे पडेल. आयाबाया कौतुकाने सांगतात, "आमचा पिंट्या सगळं येतंय मोबाईलमधलं." माझं म्हणणं एवढंच आहे की पिंट्या साचा चालवतोय. खुंट्या दुसराच कुणीतरी मारतोय. पुढचा व्हिडिओ कोणता दिसणार, कोणती जाहिरात येणार, किती वेळ डोळा हलणार नाही, हे त्याने ठरवलेलं नाही.

गावागावात जाऊन पाहणी करणारा 'असर'चा अहवाल आहे, २०२४ चा. त्यात चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांनी स्मार्टफोन चालवता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. हे खेड्यातले आकडे आहेत, आपली वस्ती शहरातली. आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही. आणि संगणक? २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम अकरा घरांत संगणक होता. म्हणजे आपल्या मुलाला किबोर्डला हात लावायला मिळण्याची जागा एकच, शाळा.

त्या शाळेत मी गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, भांडण लावायचं नाही. भाचीच्या पालकसभेला गेलो आणि विचारलं, संगणकाची खोली दाखवता का? शिपाईदादांना किल्ली शोधायला पंधरा मिनिटं लागली. आत दहा संगणक, वर प्लास्टिकची आवरणं, आवरणांवर धूळ. भिंतीवर माऊस, मॉनिटर, किबोर्डची चित्रं लावलेली. भाची नववीत होती. तिने त्या चित्रांवरून आकृती काढून भाग ओळखा या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. संगणक चालू झालेला तिने पाहिला नव्हता. मुख्याध्यापक भले गृहस्थ, म्हणाले, "काय करू, शिकवणाऱ्याचा करार संपला, तो गेला. दुरुस्तीला पैसे नाहीत. आणि मुलांनी बिघडवलं तर जबाबदारी माझी." मला आमच्या आजोबांचा धोटा आठवला. इथे जातीमुळे कुणी अडवलं असं मी म्हणत नाही. पण हात लावायचा नाही, हे तेच.

असं का होतं ते मी जमेल तसं वाचून काढलं. सरकारने १९८४ सालीच शाळांमध्ये संगणक आणायची 'क्लास' नावाची योजना काढली होती, सुरुवात अडीचशे शाळांपासून. मग २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी आयसीटी योजना आली, २०१८ पासून ती समग्र शिक्षा योजनेत गेली. यात बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की कंपनी संगणक बसवणार, माणूस देणार, पाच वर्षं चालवणार आणि मग सामान शाळेच्या ताब्यात देणार. सामान राहतं, माणूस जातो. गिरणीत नवीन साचे आणून जॉबरला काढून टाकलं तर खातं चालेल का? केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ टक्के शाळांत चालू अवस्थेतले संगणक होते, पुढच्या वर्षी ते जवळजवळ ६५ टक्के झाले. वाढ आहे, नाही असं नाही. पण किल्ली कुणाकडे असते आणि मुलगी आठवड्यातून किती तास त्या खुर्चीवर बसते, हे त्या आकड्यात नाही.

एक कबुली देतो. कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जाणार म्हणून आम्ही मोर्च्यात घोषणा दिलेल्या आहेत, मीही दिल्या. नोकऱ्या गेल्या हे खोटं नव्हतं. पण घोषणा देताना ते यंत्र शिकून घ्यावं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. चाळिशीत, २००८ साली, मी एमएससीआयटीच्या क्लासला गेलो. शिकवणारी पोरगी विशीतली. माऊस मी धोट्यासारखा मुठीत धरला होता, ती म्हणाली, "काका, तो पळून जाणार नाही." पास झालो.

तो क्लास २०२० मध्ये कामी आला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आमची गिरणी थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. घरी बसलो होतो. वस्तीत शाळा मोबाईलवर, एका घरात तीन मुलं आणि फोन एक, तोही बापाबरोबर ड्युटीला जाणारा. तेव्हा आम्ही दोघाचौघांनी जुने दोन संगणक दुरुस्त करून या विहाराच्या मागच्या खोलीत बसवले. तिथे जे पाहिलं त्यातलं एकच सांगतो.

एका मुलाने बाबासाहेबांच्या फोटोखाली छापलेलं एक वाक्य आणलं, कुठल्याशा ग्रुपवर आलेलं. म्हणाला, फलकावर लिहू या. मी विचारलं, कोणत्या खंडातलं? महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांत छापतंय, ते खंड संगणकावर फुकट वाचायला मिळतात. मुलं दोन संध्याकाळी शोधत बसली. इंग्रजी खंडांत शब्द टाकून शोधता येतं हे त्यांना तिथे कळलं. आम्हाला मिळालेल्या मराठी खंडांची पानं फोटोसारखी होती, तिथे एकेक पान उलटावं लागलं. वाक्य सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे खोटंच, असं मी म्हटलं नाही. सापडेपर्यंत फलकावर लिहायचं नाही आणि पुढे पाठवायचं नाही, एवढं ठरलं. पण त्या शोधात मुलांनी बाबासाहेबांची तीन भाषणं पुरती वाचली, जी मी इतकी वर्षं वाचा वाचा म्हणून सांगत होतो. कालामांना भगवंतांनी जे सांगितलं ते भंतेजी आत्ताच बोलले, मी पुन्हा सांगत नाही. शाळेतल्या संगणकाच्या तासाला हे शिकवायला हवं: हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, फोटो कुठला, पैसे कुणी दिले. माऊसचं चित्र नंतर काढा.

दुसरी गोष्ट मुलींची. माता-भगिनींनी कान देऊन ऐकावं. आपल्याच भागात एका मुलीचा फोटो कुणीतरी बिघडवून फिरवला. घरच्यांनी काय केलं? मुलीचा फोन काढून घेतला. शाळेचा ग्रुप त्याच फोनवर, नोट्स त्याच फोनवर. ज्याने केलं तो मोकळा, आणि अभ्यास बंद झाला तो हिचा. मुलीला आणि आईला माहीत असायला हवं होतं की मेसेज पुसायचा नाही, पुरावा म्हणून ठेवायचा. सायबर तक्रारीला १९३० नंबर आहे, मुलांच्या मदतीला १०९८ आहे, आणि पोलिसांत जाणं ही लाज नाही. हे शाळेने शिकवायचं नाही तर कुणी?

होत नाही असं कुणी म्हणू नये. केरळात २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल ही योजना सुरू झाली. तिथे दहावीपर्यंत हा विषय सगळ्यांना आहे आणि संगणकावर बसून परीक्षा द्यावी लागते. शाळांत फुकटची मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून परवान्याचे पैसे वाचतात. मुख्य म्हणजे शिकवतो तो शाळेचाच शिक्षक, त्यालाच तयार केलेलं आहे. २०१८ पासून हायस्कुलात 'लिटल काइट्स' नावाची मुलांची मंडळं आहेत, ती मुलं ॲनिमेशन करतात, मातृभाषेत टाईप करतात, यंत्र उघडून बघतात. २०२२ मध्ये खोटी बातमी कशी ओळखायची याचंही शिक्षण तिथे मुलांना दिलं. सगळी सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलं, म्हणजे आपल्यासारख्यांचीच.

इकडे मात्र हप्त्यावर कोडिंग क्लास विकणारे दारात येतात. सहावीतल्या पोरासाठी कर्ज काढलेलं घर मला माहीत आहे. कृपा करून काढू नका. जे शाळेत हक्काने मिळायचं ते विकत कशाला घ्यायचं?

आणि आपल्या मागच्या खोलीतले दोन संगणक हे काही शाळेचं उत्तर नाही. आम्ही वीस मुलं सांभाळू, शाळेत बाराशे आहेत. म्हणून आम्ही शाळेला द्यायला एक अर्ज लिहिला आहे. त्यात मोठं काही मागितलेलं नाही. खोली रोज उघडावी. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास प्रत्यक्ष किबोर्डवर बसू द्यावं. शाळेतल्याच दोन शिक्षकांना शिकून घ्यायला पाठवावं. मुलांच्या हातून काही बिघडलं तर दुरुस्तीत पालक हातभार लावतील, हे आम्ही लिहून देत आहोत, म्हणजे मुख्याध्यापकांची भीती जाईल. अर्ज माझ्या भाचीने टाईप केला आहे, मराठीत, दोनच चुका होत्या.

अर्ज बाहेर चपलांच्या रॅकशेजारी टेबलावर ठेवला आहे. आईने आणि बापाने, दोघांनी वेगवेगळी सही करावी. अंगठा असेल तर अंगठा चालेल, शाई ठेवली आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही शाळेत जाणार आहोत, ज्यांची दुसरी पाळी असेल त्यांनी बरोबर यावं. खीर त्यानंतरच्या टेबलावर आहे.

जयभीम.