आसामहून परतलेला भीम

मुलांनी आदिलाबादेत राहायचं की हैदराबाद, नागपूर, पुणं गाठायचं, हे बोलणं तुमच्याही घरात चालू असेल. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. माझं दुःख वेगळं आहे. खरं जगणं पुढच्या गावात सुरू होणार असं एकदा मनाशी धरलं, की माणूस आजच्या गावात पाहुण्यासारखा वागतो. इथली शाळा, इथली नदी त्याची राहत नाही.

शिवाय एका जागी राहूनही सगळं बदलतंच. बेला किंवा जैनथ भागातलं एखादं जुनं मराठी घर घ्या. 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात होतं, 1956 मध्ये आंध्र प्रदेशात आलं, 2014 मध्ये तेलंगणात. उंबरठा तोच. त्याच 1956 साली आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले आणि सोयरीकसंबंधांच्या मधून राज्याची सीमा गेली.

आता गाव सोडून परत आलेल्या एका माणसाकडे, गोंडांचे पुढारी कोमराम भीम यांच्याकडे येतो. निजामी राजवटीत जंगल राखीव झालं, चराईवर कर बसला, गोंडांनी कसलेली जमीन दुसऱ्यांच्या नावावर चढू लागली. अशाच एका जमिनीच्या भांडणात हातून खून झाला आणि भीम परागंदा झाले, असं इकडे सांगतात. आधी चांद्याकडे, तिथल्या छापखान्यात; मग थेट आसामच्या चहामळ्यांत. तिथे मजुरी होती, पोट भरत होतं, निजामाचे शिपाई पोचत नव्हते. सुरक्षित जागा म्हणतात ती हीच. तरी ते परत आले. ज्या डोंगरात काहीच धड उरलं नव्हतं, तिथे त्यांनी बारा गावांसाठी जल, जंगल, जमीन मागितली आणि 1940 मध्ये जोडेघाटला गोळी झेलली. त्यानंतर मात्र निजाम सरकारला गोंडांचं म्हणणं ऐकावं लागलं. हैमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन अभ्यासक मारलवाई या गोंड गावात येऊन राहिला आणि पुढच्या वर्षांत हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले.

म्हणून ‘आहे त्यात सुख माना’ हा उपदेश मला या जिल्ह्यात करवत नाही. ज्याची जमीन गेली आहे त्याला तो ऐकवणं क्रूरपणाचं आहे. भीमांना आपल्या मातीची किंमत कळली होती, म्हणूनच तिची दशा त्यांना सहन झाली नाही. आहे त्या जागेवरचं प्रेम मी याला म्हणतो.

एक गोष्ट आपल्या मराठी माणसांना बोचेल, पण बोलतो. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं चांगल्या जमिनीच्या शोधात या डोंगरांत आली. भुकेनं आली, त्यांना दोष कसा द्यावा? पण ज्या रानात त्यांना आसरा मिळाला ते कुणाचं तरी घर होतं. बाहेरून आलेल्यांच्या हाती, मग ते मराठी असोत वा तेलुगू, जमीन जात राहिली. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांच्या मागण्यांत ही जमीन होती आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिथे त्यांच्या स्मरणाचा स्तूप उभा आहे. कित्येक वर्षं त्या दिवशी तिथे जमायलाही बंदी असे.

आपण इथलेच आहोत असं आपण म्हणतो. मग गेल्या 20 एप्रिलला आपल्या घरांतून इंद्रवेल्लीला कोण गेलं होतं?