वंशावळीच्या वेबसाइटला पैसे भरायचे का?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतेय. बोलले तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे कसंय ना" तेवढं कमी केलंय.

विषय पैशांचा आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने एक लिंक टाकली. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, अमेरिकेत असतो. त्याच्या मुलीला शाळेत फॅमिली ट्री काढून आणायला सांगितलं होतं. तिच्या आईकडचं झाड, म्हणजे आमच्या अमेरिकन वहिनीकडचं, एका संध्याकाळी सहा पिढ्यांपर्यंत गेलं. बापाकडचं पणजोबांवर येऊन थांबलं. मग दादाचा मेसेज आला, "एका वेबसाइटची वर्षाची मेंबरशिप घेऊ, चौघांत वाटून. कोण कोण आहे?" सगळ्यांनी अंगठे दाखवले. रक्कम वर्षाला काही हजारांच्या घरात. मी म्हटलं, थांबा, चौदा दिवस फुकट आहे ना, आधी मी बघते.

मी न्हावऱ्याची. शिरूर तालुका, शिरूर-चौफुला रस्त्यावरचं, घोडगंगा कारखान्याचं गाव. आता पुण्यात नोकरी करते. त्याच महिन्यात धाकट्या भावाच्या जात पडताळणीची फाइल तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात होतं, कारण घरात "कंप्युटरचं जिला कळतं" ती मीच. आम्ही ओबीसी, त्यामुळे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि सोबत वंशावळ, तीसुद्धा प्रतिज्ञापत्रावर. गंमत बघा, एकाच घराण्याचं झाड एकाच वेळी दोन ठिकाणी हवं होतं. एक अमेरिकेतल्या शाळेत चिकटवायला, दुसरं पुण्यात समितीपुढे ठेवायला.

आधी वेबसाइटचं सांगते. मी आडनाव टाकलं. इंग्रजीत ते पाच प्रकारे लिहिता येतं, पाचही टाकून पाहिले. गावाच्या नावावर काहीच आलं नाही. मग तालुका टाकला, पण जुन्या स्पेलिंगने. ही युक्ती लक्षात ठेवा. ब्रिटिश कागदांत शिरूर हे "सिरूर" असतं, दौंड "ढोंड" असतं आणि पुणे "पूना". सिरूर टाकल्यावर मात्र नोंदी आल्या, आणि सगळ्या गोऱ्यांच्या! कुणा सार्जंटच्या बाळाचा बाप्तिस्मा, कुणाचा दफनविधी. शिरूरला म्हणजे घोडनदीला इंग्रजांची छावणी होती, तिथल्या चर्चच्या या नोंदी. माझ्याच तालुक्यात दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेलं इंग्रज बाळ मला दोन मिनिटांत सापडलं, आणि माझे खापरपणजोबा सापडले नाहीत. ते तर त्याच नदीकाठी औत हाकत असणार.

हे असं का होतं? यात वेबसाइट खोटी नाहीये. या वेबसाइटी ज्या कागदांवर चालतात ते कागद आपल्याकडे वेगळे आहेत. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि 72 वर्षं उलटली की घरोघरच्या याद्या सगळ्यांना खुल्या होतात. 1950 ची जनगणना 2022 मध्ये खुली झाली. वहिनीच्या आजोबांचं नाव, वय, धंदा, शेजारी कोण राहायचं, सगळं त्यात. आपल्याकडे घराघरातून घेतलेली माहिती 1948 च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहे. आपल्याला मिळतात ते आकडे. गावात माणसं किती ते कळतं, माणूस कोण ते नाही. शिवाय त्यांच्याकडे चर्चच्या वह्या आहेत. आपल्या बहुतेकांचे बारसं-लग्न-दहावं कुठल्या रजिस्टरात गेलं? कुठल्याच नाही.

म्हणून "घ्यावी का" याचं उत्तर तुम्ही कोणाचे यावर आहे. आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. दौंड हे रेल्वेचं गाव. दौंड-मनमाड मार्ग 1878 ला सुरू झाला. तिथे अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती रेल्वे कुटुंबं राहिली. त्यांच्या नातवंडांना अशा मेंबरशिपचा खरंच उपयोग आहे, कारण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी फाइंडमायपास्टसारख्या सशुल्क साइटवर आहेत. पण त्यांनीसुद्धा आधी "फिबिस" या संस्थेचा फुकट डेटाबेस बघावा. तिचं कामच ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचं आहे. घरातलं कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलं आणि परत आलं नाही, असं ऐकलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट बघा. तीही फुकट. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं.

आणि दौंड तालुक्यातच केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत तिथे मध्य प्रांतातून, गुजरातेतून अनाथ मुली आणल्या गेल्या. ज्यांची पणजी "मुक्ती"तून आली, त्यांचं झाड तिच्यापासूनच सुरू होतं. तिच्यामागे काय होतं हे एखाद्या वेबसाइटने सांगावं, असं मला फार वाटतं. पण ते पैसे भरून मिळणारं नाही.

आता आमच्यासारख्यांचं. शेतकरी घर, गाव पिढ्यान्‌पिढ्या तेच. आमचे कागद कुठे आहेत? शिरूरच्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. भावाच्या फाइलसाठी मी तिथे तीन सोमवार घातले, सुट्टी टाकून. कोतवाल बुक म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना नंबर 14. त्यात बापाचं नाव आणि जातही असते. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, त्यात हीच पुस्तकं बाहेर आली. बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर त्यांची स्कॅन केलेली पानं आहेत. तुमचा दाखल्याशी संबंध असो-नसो, बघायला हरकत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा खजिना. आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत चौथीपर्यंत गेले होते. त्यांचा निर्गम उतारा मिळाला आणि भावाचं काम तिथेच निम्मं झालं.

तिसरं, फेरफार. हा मला सगळ्यात आवडलेला कागद. सातबाऱ्यावर आज मालक कोण ते दिसतं. तो मालक कसा झाला, कोण वारलं, वारस कोण, ते फेरफारात असतं. जुने फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर थोडी फी भरून घरबसल्या बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा तर 15 रुपयांत मिळतो. वर्षाच्या मेंबरशिपच्या पैशात किती उतारे येतील, तुम्हीच हिशोब करा.

एक अडचण सांगून ठेवते. जुनं पान उघडलं की ते मोडीत निघतं. मग एक तर मोडी वाचणारा माणूस गाठायचा, तो पानामागे पैसे घेतो, किंवा स्वतः शिकायचं. मी शिकतेय. पणजोबांचं नाव ओळखण्यापुरती मोडी महिन्याभरात येते.

तर फेरफार. पणजोबा वारल्यावरची वारसनोंद मी लॅपटॉपवर उघडली. त्यात आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि चौथं एक नाव, बाईचं. "मुलगी" म्हणून. पुढच्याच फेरफारात तिने हक्क सोडल्याची नोंद. 1956 चा वारसा कायदा आल्यावर मुलींची नावं अशी लागायला लागली आणि लगेच हक्कसोड घेऊन निघायलाही लागली. आमच्या घरात मी जन्मल्यापासून "तीन भाऊ, तीन भाऊ" एवढंच ऐकत आले. समितीसाठी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हाताने काढून दिलेल्या वंशावळीतही तीनच रेघा होत्या. त्या झाडात माझीही रेघ नव्हती, हे जाता जाता सांगते. भावाची होती.

मी आजीला विचारलं. आजी पंच्याऐंशीच्या पुढची. दुपारचं तिचं डोकं एकदम लख्ख असतं, संध्याकाळी जरा गोंधळ होतो. ती म्हणाली, "हाय की. भीमंच्या पल्याड दिलती. मोठ्या भनीवानी होती मला. पुढं येणं-जाणं मोडलं." का मोडलं, तर जमिनीवरून नाही म्हणे, एका लग्नात मानपानावरून. साडीवरून! तिची मुलं-नातवंडं अजून दौंड तालुक्यात आहेत, न्हावऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर.

तात्यांना हे आवडलं नाही. "कशाला उकरून काढतेस? उद्या कोणी हिस्सा मागायला आलं म्हणजे?" त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गावाकडे वंशावळ हा जमिनीचाच कागद असतो. म्हणून तर झाडात मुलींची रेघ काढत नाहीत. 2005 च्या दुरुस्तीनंतर तर लोक जास्तच जपून असतात. मी त्यांना म्हटलं, तात्या, तिने सही करून हक्क सोडलाय, त्याची नोंद तुमच्याच सातबाऱ्याच्या मागे आहे. हिस्सा नको, नाव तर राहू द्या. ते पानाला चुना लावत बसले.

आता हेच झाड वेबसाइटवर चढवायचं का, हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा निघाला. काही साइटवर झाड सार्वजनिक असतं, सेटिंग बदलावं लागतं. जिवंत माणसांची जन्मतारीख आणि आजी-आईचं माहेरचं आडनाव तिथे टाकू नका. बँका सुरक्षेसाठी हाच प्रश्न विचारतात. 2018 मध्ये मायहेरिटेजच्या नऊ कोटींहून जास्त खात्यांचे ईमेल आणि पासवर्डचे हॅश बाहेर गेले होते. थुंकी पाठवून करायच्या डीएनए चाचणीचं तर आणखी अवघड. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. ट्वेंटीथ्रीअँडमी ही कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दीड कोटीच्या आसपास लोकांच्या डीएनएचं पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला होता.

फुकट चाचणी घ्यायचीच असेल तर कार्ड देताना ऑटोपेकडे लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या 24 तास आधी कळवावं लागतं. तो मेसेज "ऑफर असेल" म्हणून पुसू नका. मी बाराव्या दिवशीचा अलार्म लावून ठेवला होता आणि त्या दिवशी बंद केलं.

ग्रुपवर मी लिहिलं ते असं. आपल्या बाजूसाठी मेंबरशिप नको. दादा, वहिनीच्या बाजूसाठी हवी असेल तर महिन्याची घे, आधी सगळे प्रश्न कागदावर लिही, महिन्यात शोधून संपव. त्याआधी तुझ्या गावच्या सार्वजनिक लायब्ररीत विचार, तिकडच्या बऱ्याच लायब्रऱ्यांत ॲन्सेस्ट्री फुकट वापरता येतं. आणि फॅमिलीसर्च तर सगळ्यांनाच फुकट आहे. त्यावर तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत, पण मुख्यतः हरिद्वार आणि उत्तरेकडच्या. आपल्या लोकांच्या नोंदी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे. तिथे जायचं, गाव आणि आडनाव सांगायचं, ज्यांच्याकडे आपलं गाव असेल ते वही काढतात. दक्षिणा द्यावी लागते, ती मात्र मी आनंदाने देईन. पणजोबांचं दहावं कुणी नाशिकला केलं असेल तर त्यांच्या बापाचं नाव तिथे असणार.

दादाने विचारलं, "मग चौघांनी काढलेल्या पैशांचं काय?" त्यातून एक चांगला कॉलर माइक आलाय. दर रविवारी दुपारी दोन ते तीन आजी बोलते, मी रेकॉर्ड करते. आतापर्यंत तिच्या माहेरच्या सतरा माणसांची नावं झालीत. त्यातलं एकही कुठल्याच सातबाऱ्यावर आमच्या नावासोबत दिसणार नाही.

भावाची फाइल गेलीय समितीकडे. पुतणीच्या शाळेतल्या झाडावर दादाने चौथी रेघ काढली, माझीही काढली. तात्यांचा अजून होकार नाही, पण परवा त्यांनी आपणहून विचारलं, "भीमेपलीकडची ती कुठल्या गावात म्हणालीस?" येत्या रविवारी रेकॉर्डिंगला सुट्टी आहे, आम्ही तिघं गाडी काढून तिकडे जाणार आहोत, आजीसकट.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं किंवा केडगावचं कोणी ऐकत असाल आणि तुमच्याकडच्या नोंदी कुठे सापडल्या ते सांगता येत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नावं सांगू नका, वही कुठे आहे तेवढं सांगा.