आधी टाकी, मग पंप



 ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो ते मिस्त्री या मेळाव्यात समोर बसले आहेत आणि यंदाच कामाला लागलेली मुलेही. त्यामुळे आज जुन्या गाडीबद्दल, आपल्याला रोज भेटणाऱ्या तक्रारीबद्दल बोलतो. भाजी वाहणारी ४०७, वाडीवस्तीवर फिरणारी डिझेल जीप, अजून तग धरून असलेली मॅटाडोर. गाडी सकाळी चालू होत नाही, घाटात ओढत नाही, मध्येच बंद पडते. अशी गाडी दारात आली की बहुतेक ठिकाणी पहिला पाना इंजेक्शन पंपाला लागतो. हे थांबले पाहिजे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पंप उतरवला की तो पंपरूमला जातो, एलिमेंट बदलतात, कॅलिब्रेशन होते, पुन्हा टायमिंग लावावे लागते. गाडीवाल्याची कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते. आणि गाडी पहिल्याच चढाला तीच तक्रार घेऊन परत येते, कारण दोष टाकीत होता.

आपण ज्याला अजून मायको पंप म्हणतो, तो फार सोशिक आहे. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने डिझेल इंजेक्शन पंपाचे उत्पादन १९२७ साली सुरू केले. १९५१ मध्ये बंगळूरला मायको उभी राहिली, पुढे नाशिकच्या कारखान्यातून नोझल येऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, पण आपल्या तोंडचे मायको गेले नाही. या पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असते आणि तिथे वंगण म्हणून डिझेलच काम करते. स्वच्छ, पाणी नसलेले डिझेल मिळाले तर हा पंप वर्षानुवर्षे चालतो. तो मरतो तो बहुधा टाकीतून आलेल्या कचऱ्याने, पाण्याने किंवा भेसळीच्या डिझेलने. म्हणून पंप खरोखर खराब निघाला तरीही टाकी तपासावीच लागते. घाण टाकीवर नवा एलिमेंट बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्यांदा बुडवणे.

मग सुरुवात कुठून करायची? सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, पेट घेत नाही. मग ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. स्टॉप केबल अर्धवट अडकलेली नाही ना, तेवढे पाहून घ्या आणि मागे टाकीकडे चला. एवढे समजायला एकही नट सैल करावा लागत नाही.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमके तिथेच आपण घाईने पुढे जातो. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असते. तिथे गळती असेल तर पाइप ओला होतो, डोळ्यांना दिसतो. पण मागच्या भागात डिझेल ओढले जाते. शहाळ्याच्या नळीला वर बारीक चीर असली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच इथे होते. पाइप कोरडा ठणठणीत, आणि आत हवा. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे परत उतरते, सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसते; एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. असे लक्षण दिसले की बँजो बोल्टची पुन्हापुन्हा वापरलेली तांब्याची वायसर, क्लिपखाली चिरलेला होस आणि फीड पंपाच्या आतला व्हॉल्व्ह आधी बघा. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा. लाइन उघडल्यामुळे सुरुवातीला बुडबुडे येणारच. हवा काढून इंजिन थोडे चालल्यावरही बुडबुडे येत राहिले तर दोष नळीच्या मागे आहे.

रबराबद्दल एक गोष्ट तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. भारत स्टेज दोनच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५०० पीपीएम होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस सहा डिझेलमध्ये ती १० आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले इतर घटकही बदलतात, आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेले रबर आकसू शकते. डिझेल वाईट नाही, हवेसाठी ते चांगलेच आहे. पण जुने सील आणि होस वय झाले म्हणून बदलायला हवेत.

आता कॅनची परीक्षा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनपेक्षा उंच, सायलेन्सरपासून दूर पक्का बांधा, त्याची नळी थेट फीड पंपाला द्या, रिटर्नही कॅनमध्येच सोडा. हवा काढा आणि गाडी चालवा. तक्रार गेली तर दोष टाकी, जाळी, पाइप किंवा झाकणात आहे. राहिली तर फीड पंप, फिल्टर आणि त्यापुढचा भाग बघा. अर्ध्या तासात निम्मी गाडी संशयातून मोकळी होते.

काही किलोमीटर जाऊन बंद पडणारी आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होणारी गाडी लोकांना फार फसवते. झाकणाचे हवेचे भोक बुजले तर टाकीत निर्वात होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. टाकीच्या तळाची घाण जाळीला चिकटली तरी हेच लक्षण. इंजिन बंद झाले की घाण सुटून खाली बसते. गाडी बंद पडताच झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली तर दोष झाकणात. आवाज नसेल तर टाकी उतरवायची तयारी करा. पावसाळ्यानंतर तर टाकीचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढाच. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा काळा चिकट थर फिल्टर बुजवतो. नुसता फिल्टर बदलला तर नवाही लवकरच बुजतो.

हे सारे ज्ञान आपल्याकडे तोंडातोंडी चालत आले आहे. मिस्त्री थकला की त्याच्याबरोबर जाते, याचे मला फार वाईट वाटते. प्रत्येक गॅरेजमध्ये एक वही ठेवा. लक्षण काय होते, कोणत्या क्रमाने तपासले, दोष कुठे निघाला, एवढेच आपल्या मराठीत लिहा. पुढच्या मेळाव्यात त्या वह्या समोर ठेवून आपण बोलू.

दुपारी नोझल टेस्टरचे प्रात्यक्षिक आहे. नोझलमधून सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर हळद-मलम लावत बसू नका, तासाभराचीही वाट न पाहता इस्पितळात जा आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. प्रात्यक्षिकाला चष्मा घातल्याशिवाय कोणी पुढे उभे राहायचे नाही, आणि स्प्रे बघायला हात मध्ये घालायचा नाही.