सही करण्याआधी

वडील गेले की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. सातबाऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं लागली की मग येतो प्रश्न हक्कसोडपत्राचा. बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल, तर साध्या कागदावरची सही पुरत नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्याच नावे, बाहेरच्याच्या नव्हे. नोंदलेल्या दस्तावरून फेरफार होतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते.

आणि ताई, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. राखी पौर्णिमेला घाईघाईत पुढे केलेला कागद आधी वाचा. नोंदलेलं हक्कसोडपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.