वाणिज्य-शिक्षणात भांडवलाचा अभ्यास
(उज्जैन येथे वाणिज्य शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



या नगरीत 1957 साली विश्वविद्यालय स्थापन झाले. येथील वाणिज्य पदवीधर जमाखर्च, लेखापरीक्षण, कंपनी कायदा जाणतो. परंतु भांडवल उभे कसे राहते, जोखीम कोण पत्करतो, नफा कोणाच्या पदरी पडतो, असे विचारले की तो इंग्लंड-अमेरिकेचे दाखले देऊ लागतो. वास्तविक दाखला त्याच्या दारात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, शिंद्यांच्या अमदानीत, उज्जैन ही माळव्यातील अफूची मोठी पेठ होती. बंगालमध्ये कंपनी सरकारने अफूची मक्तेदारी बसविली होती. माळव्यात तिला ते साधेना. येथील सावकार शेतकऱ्यास आगाऊ उचल देत, हुंडीवर पैसा फिरवीत, आणि मुंबईची वाट अडविली गेली तर पाली-कराचीच्या मार्गाने माल पोर्तुगीजांच्या दमणला पोचवीत. अखेर 1830 च्या सुमारास कंपनीने अडवणूक सोडली व मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर शुल्क घेण्यात समाधान मानले. पत, जोखीम आणि बाजारपेठ यांचा याहून जिवंत धडा कोणता? माल मात्र अफूचा होता, तो चीनमध्ये माणसांना व्यसनी करीत होता, आणि उचलीने बांधलेल्या कुणब्याला भाव ठरविण्याचे स्वातंत्र्य फारसे नव्हते. हेही त्याच तासाला शिकविले पाहिजे. उद्योजकाची केवळ आरती ओवाळणारा अभ्यासक्रम मला निरुपयोगी वाटतो. भांडवल हा शब्द ऐकताच नाक मुरडणाराही तितकाच.

डॉ. धनंजयराव गाडगीळ हे सहकाराचे खंदे पुरस्कर्ते. प्रवरेच्या शेतकऱ्यांच्या साखर कारखान्यामागे ते उभे राहिले. तरीही भारतातील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर त्यांनी 1959 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याला पर्याय द्यावयाचा, ते आधी नीट समजून घ्यावे, अशीच ही दृष्टी म्हणावी लागेल.

आता भैरवगढकडे वळू. तेथील बाटिक छपाईला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन एका चादरीचा हिशेब मांडावा: कापड, मेण आणि रंग यांना पैसा कोणी लावला, छपाई करणाऱ्याच्या हाती किती आले, दुकानात ती कितीला विकली गेली, माल पडून राहिला तर तोटा कोणाचा? कारागिरांनी त्यांना दारातून परतवू नये. आणि अधिकारी बंधूंना विनंती अशी, की उद्योगांसाठी दिलेल्या कर्जांची जुनी प्रकरणे, बुडालेली धरून, नावे वगळून महाविद्यालयांस अभ्यासासाठी द्यावीत.